पाच फूट सहा इंच

तिसरी कॉफी संपली तरी दोघांपैकी कुणी उठायचं नाव घेईना. शिंप्याला तर पहिल्या कॉफीपासूनच जायचं होतं. बाथरूम समोरच, दहा पावलांवर होतं. पण जायचं म्हणजे उभं राहायचं, आणि उभं राहिलं की पितळ उघडं पडणार.

लग्नाच्या साइटवर त्याने स्वतःची उंची पाच फूट सहा इंच लिहिली होती. खरी पाच-चार. उरलेले दोन इंच त्याने बुटांतल्या जाड सुखतळ्यांच्या भरवशावर सोडले होते, आणि ते बिचारे जेमतेम एकच देत होते. आज भेटायला आलेल्या मुलीने आपल्या रकान्यात नुसतं १७० लिहिलं होतं. शिंप्याने त्यावर डोकं चालवलंच नाही. कापड तो मीटरने आणायचा, दूध लिटरने, भाजी किलोने. पण माणूस म्हटला की त्याला फूट आणि इंचच कळायचे. एकशे सत्तर त्याला बसच्या नंबरासारखं वाटलं होतं.

आता समोर बसल्या बसल्या त्याच्या सराईत नजरेने तिचं माप घेतलं. बाही तेवीस, खांदा साडेपंधरा. उभी राहिली तर ही पाच-सातच्या खाली नाही. आणि मुलगी तर त्याला इतकी आवडली होती की विचारू नका. ती मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. उंची मोजताना पोरं कशी श्वास रोखून, गाल फुगवून टाचा उचलतात, हे तिने असं काही करून दाखवलं की शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या अवस्थेत हसणं त्याला मुळीच परवडण्यासारखं नव्हतं.

वेटर पुन्हा येऊन कोरडं टेबल पुसून गेला. नर्सही खुर्चीत चुळबुळत होती, पण उठत नव्हती. शेवटी शिंप्यानेच हार मानली.

“मी पाच-सहा नाही. पाच-चारच आहे.”

“एकशे त्रेसष्ट,” नर्स म्हणाली. “दारातून आलात तेव्हाच कळलं. रोज साठ मुलं मोजते मी.”

शिंपी गारच पडला. मग दोन तास गप्प का बसलात, असं त्याने कसंबसं विचारलं.

“बोलले असते तर उठावं लागलं असतं. सेंटीमीटरमधली उंची कुणाला कळत नाही, म्हणून तर माणसं मला भेटायला येतात. मग मी उभी राहते. तीही उठतात, आणि घरी जातात.”

हे ऐकलं आणि शिंपी ताडकन उठला. अख्खा पाच फूट चार इंच, अधिक सुखतळे. नर्सने मान खाली घालून पर्स उचलली.

“पर्स ठेवा खाली,” तो घाईघाईने म्हणाला. “मी घरी नाही चाललो. तीन कॉफ्या झाल्यात, आता धीर निघत नाही. आलोच दोन मिनिटांत, तोवर चौथी मागवून ठेवा.”