मोरोक्कोच्या वाटेवरचा सर्कल

"डावीकडं नाय! उजवीकडं, उजवीकडं!"

भगवान सर सर्कलजवळ उभे राहून ओरडले, आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. निम्म्या पनवेलला त्यांनी गाडी शिकवली होती. डावी बाजू सोडायची नाय, हे त्यांनी इतक्या जणांच्या डोक्यात बसवलं होतं की काही जण जिनासुद्धा डावीकडून चढायचे. आज तेच तोंड स्वतःच्या पोरीला उलटा धडा देत होतं.

समीक्षानं बाईक थांबवून मागं घेतली. विमानतळाच्या अंगाला हे नवं सेक्टर होतं. रस्ते झाले होते, दिव्याचे खांब उभे होते, इमारतींचा अजून पत्ता नव्हता. रविवारी सकाळी उलटं चालवायला याच्याइतकी निर्धोक जागा दुसरी नव्हती.

स्पेनमधल्या मलागात बाईक भाड्यानं घ्यायची, देशाच्या दक्षिण टोकाला तारिफात यायचं, बोटीनं टँजियरला उतरायचं आणि मोरोक्कोचे डोंगर ओलांडून वाळवंटाच्या कडेपर्यंत जायचं, असा तिचा बेत होता. रजा मंजूर होती, मुक्काम ठरले होते. तिकीट तेवढं राहिलं होतं. तिकडे दोन्ही देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, घोडं तिथंच अडलं होतं.

"तिकीट मी आजही काढू शकते, बाबा," घरातून निघताना ती म्हणाली होती. "पण तुम्ही मांडी घातल्याशिवाय माझा माझ्यावरच भरवसा बसणार नाही."

सरांची मांडी पनवेलमध्ये प्रसिद्ध होती. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि शिकणारा कितीही सफाईनं चालवू दे, सरांचा उजवा पाय त्यावर टपलेलाच असायचा. शाबासकी देणं त्यांना जमत नसे. ज्या दिवशी ते पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसत, त्या दिवशी समजायचं, आपण पास. लोक पेढे घेऊन घरी यायचे. बाईक मात्र त्यांनी कधी कुणाला शिकवली नाही. बाईकला दुसरा ब्रेक नसतो.

"उतर. मी दाखवतो," सर म्हणाले.

त्यांनी आपली स्कूटर काढली, ऐटीत उजव्या बाजूनं निघाले आणि सर्कल येताच हँडल आपसूक डावीकडे वळलं. समीक्षा पोट धरून हसली.

"बाबा, तुम्ही तर डायरेक्ट ट्रकखाली!"

"ऱ्हाव दे. तू चालव."

मग मात्र त्यांनी तिला चांगलंच पिदाडलं. मध्येच थांबवलं, गल्लीतून बाहेर यायला लावलं, वळणावर असताना मुद्दाम मोठ्यानं हाक मारली. सुरुवातीला ती चुकली. पुढं चुका कमी होत गेल्या, आणि मग होईनाशाच झाल्या. जी सवय आपल्या हाडात मुरली आहे, ती ही पोरगी अंगावरचा रेनकोट उतरवावा तशी उतरवते आहे, हे सर बघत राहिले. त्यांना तिचं फार कौतुक वाटलं, आणि कौतुकाच्या दुप्पट भीती.

तेवढ्यात समोरून हार्डवेअरवाला प्रितम स्कूटरवर आला, अर्थातच राँग साइडनं. समीक्षा तिच्या उजव्या बाजूनं, प्रितम त्याच्या उजव्या बाजूनं, दोघं एकमेकांना अगदी शिस्तीत ओलांडून गेले. मग प्रितमला सर दिसले. त्यानं कचकन ब्रेक मारला.

"सर, चुकलो! परत नाय करणार!"

"नाय रं. बरोबर हायस तू. जा."

सरांच्या तोंडून हे ऐकून प्रितम जास्तच घाबरला. स्कूटरवरून उतरला आणि ती ढकलत डाव्या कडेला गेला.

समीक्षाच्या आईनं, भामानं, थर्मासमध्ये चहा दिला होता. दोघं दिव्याच्या खांबाशी टेकून प्यायले. सरांनी मुद्दामच बोटीचा विषय काढला. बोटीत बाईक कशी बांधतात, दर्याला उधाण असलं तर काय, तिकडं जेवायला काय मिळतं. समीक्षा खुलून बोलत सुटली. डोंगरातलं निळ्या घरांचं गाव, वाळूतला तंबू, आईसाठी आणायचं केशर. सर हूं हूं करत होते. चूक गर्दीत होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गर्दीत माणूस पुढच्याच्या मागं जातो. चूक होते ती चहा पिऊन, खुशीत, मोकळ्या रस्त्याला लागताना. पंधरा पावलांवर रस्ता मोकळा होता, आणि मोरोक्कोत तर सोबत कुणीच असणार नव्हतं.

"चल, निघूया घरी," ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले. "तू हो पुढं."

तिनं हेल्मेट चढवलं, अजून काहीतरी सांगतच बाईक सुरू केली. सर सर्कलच्या कडेला जाऊन उभे राहिले. ओरडायचं नाही असं ठरवून त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाईक हलली. त्यांचा उजवा पाय चपलेसकट जमिनीत रुतला. खाली ब्रेक नव्हता, नुसतं डांबर होतं, तरी ते पूर्ण जोर लावून दाबत होते.

समीक्षानं आधी डावीकडे, मोरोक्कोत जिकडून गाडी आली असती तिकडे, पाहिलं, मग उजव्या बाजूनं सरळ सर्कलमध्ये शिरली आणि त्याला वळसा घालून पलीकडच्या रस्त्याला लागली.

सरांनी हळूच पाय उचलला. मग सर्कलच्या कठड्यावर बसले, एक पाय वर घेतला, दुसरा घेतला. गुडघा कुरकुरला. तिच्या आरशात दिसावं म्हणून ते जरा ताठ झाले आणि मांडी नीट करून बसले.