पिकअपचा पंखा

मंजुळा चाळीच्या गॅलरीतून खाली बघत होती. मासळी घेऊन दादरला निघालेली जगन कोळ्याची पिकअप लालबागमध्येच तापून बंद पडली होती. इंजिनाचा पंखाच तुटला होता. तिचा नवरा धोंडू आज आपणहून खाली उतरला. गिरणीत तो वायरमन होता, पण संपानंतर त्याने हातात पक्कड धरली नव्हती. त्याने भंगारवाल्याकडचा एक विजेचा पंखा रेडिएटरपाशी बसवला, बॅटरीपासून वायर ओढली आणि जगनला इंजिन चालू करायला सांगितलं.

पंखा हलेना.

"दादा, बर्फ वितळतोय. सगळी मासळी जाईल माझी."

"जरा दम धर. तापल्यावरच लागणारा स्विच जोडलाय. निवलेलं इंजिन पुन्हा तापलं की पंखा आपोआप फिरेल."

मंजुळाने कठडा घट्ट धरला. आज हे फसलं, तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहणार.

आणि एकदम घर्र करून पंखा फिरायला लागला.

"वाचवलंत, दादा!" जगन म्हणाला. "काम काय करता तुम्ही?"

मंजुळाने डोळे मिटले. गिरणीला टाळं लागून वर्षं लोटली, तरी या प्रश्नाला धोंडूचं एकच उत्तर असायचं, 'संपावर आहे.'

"गाड्यांचं वायरिंग करतो," धोंडू म्हणाला.