दोन हिसके

व्यायामशाळेतली ती उंच भिंत चिमी माकडासारखी चढायची. उतरताना मात्र घाबरायची. म्हणून मायलेकींनी खूण ठरवली होती. चिमी वरून दोराला दोन हिसके द्यायची, म्हणजे "आई, धरलंयस ना मला?" खालून आईचे दोन हिसके, म्हणजे "धरलंय गं राणी."

आज माथ्यावरच्या कठड्याआड ती क्षणभर दिसेनाशी झाली. मग खूण न करताच, अगदी निवांत खाली आली.

"आज हिसके नाहीत? मोठी झाली वाटतं आमची ठकी!"

"भीतीच नाही वाटली."

"वाघीण आहे हो तुमची," म्हणत प्रशिक्षकाने तिच्या कमरेचा दोर सोडवला आणि तो दुसऱ्या मुलांकडे वळला.

आई हातातला दोर सैल करू लागली, पण तो सैल होईना. त्याचं दुसरं टोक समोर रिकामं लोंबत होतं, तरी हाताला लागणारं वजन तेवढंच होतं. रोजच्या ओळखीचं, चिमीएवढं.

आणि कठड्याआडून दोन हिसके आले. हलके, भेदरलेले.

आईची मूठ आपसूक आवळली.

नुकत्याच खाली उतरलेल्या त्या मुलीने आईच्या कमरेला मिठी मारली, वर पाहिलं आणि लाडात म्हणाली,

"सोड ना आता तिला."