रिमोट घरीच राहिला

पडद्यावरचा म्हातारा सामुराई बराच वेळ काहीतरी बोलला आणि हॉलमध्ये एकालाही त्यातलं अक्षर कळलं नाही. सिनेमा जपानी. खाली इंग्रजी ओळी यायच्या होत्या, त्या येत नव्हत्या. त्या चालू करायला रिमोट लागतो, आणि रिमोट रश्मीच्या घरी सोफ्यावर पडला होता.

रश्मी डीव्हीडी प्लेअरपुढे गुडघ्यांवर बसून असतील नसतील तेवढी बटणं दाबत होती. प्लेअर घरचाच, उचलून आणलेला. गाडी नवरा घेऊन गेला होता. हरीशची हीथ्रो विमानतळावर लेट शिफ्ट. बसने जाऊन रिमोट आणायचा तर तोवर सिनेमा संपला असता.

लंडनमधल्या हाउन्सलोच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कमलाकर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. दर महिन्याचा सिनेमा तेच निवडायचे. या खेपेला रश्मीने कमिटीत भांडून आपली निवड पुढे केली होती. त्यांनी हो म्हटलं होतं, पण एका अटीवर: लोक उठून गेले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"मी म्हटलंच होतं," कमलाकर आता म्हणाले. जरा मोठ्यानेच. "आपल्या लोकांना आपलंच दाखवावं. बंद कर, रश्मी. माझ्या गाडीत नाटकाची डीव्हीडी आहे."

ती त्यांच्या गाडीत कायमच असते.

मागे खुर्च्या सरकल्या. दोघीजणी कोट चढवायला लागल्या. रश्मीचे कान लाल झाले. तिचा हात बंद करायच्या बटणावर गेला.

तिसऱ्या रांगेत मधुमतीबाई बसल्या होत्या. रश्मीच्या सासूबाई. झगे घातलेले बाप्ये एकमेकांना भोसकतात ते बघायला कोण मेलं येणार, असं त्यांनी सकाळपासून सुनेला चारदा ऐकवलं होतं. पण ते घरात, आणि त्यांनी. कमलाकरने बोलायचं काम नव्हतं.

"खाली बसा गं," त्या कोटवाल्या दोघींना म्हणाल्या. "आत्ता कुठे भांडण सुरू होतंय."

"पण काकू, कळतंय कुठे काय?"

"न कळायला काय झालं? डोळे आहेत ना? हा म्हातारा सरळ माणूस. तो घोड्यावरचा त्याचा चुलत भाऊ. जमिनीवर डोळा आहे मेल्याचा. कसा हसतोय बघा. असं हसणाऱ्याच्या खिशात दुसऱ्याचा सातबारा असतो."

कोणीतरी फिसकन हसलं. दोघी बसल्या.

रश्मीने हा सिनेमा आधी दोनदा पाहिला होता. घोड्यावरचा माणूस राजाचा अंमलदार होता, भाऊबिऊ नव्हता. सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. रश्मीने तोंड मिटलं आणि बटणावरचा हात काढून घेतला.

मग मधुमतीबाई थांबल्याच नाहीत. घोडेवाला बोलला की नाकात बोलायच्या, म्हातारा बोलला की आवाज खाली आणून. छपरावरून विमान गेलं की गप्प राहायच्या, आणि ते गेलं की मागून कोणीतरी विचारायचं, "हं काकू, मग?"

डॉक्टर पद्माकरांना राहवलं नाही. "अहो, सामुराई म्हणजे सरदाराच्या पदरचे लोक. ही काही भाऊबंदकी नाही, ॲक्चुअली..."

"तुम्ही हॉस्पिटलात भूल द्या हो, डॉक्टर. इथे सगळे जागे राहू देत."

यावर डॉक्टरही हसले. पुढे घोडेवाल्याचा एक माणूस झाडामागून आला तेव्हा "मागे बघ, मागे!" असं सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडले.

पडद्यावर एक तरुण बाई आली. तिच्या हातात वाडगा होता. म्हाताऱ्याने तिच्याकडे न बघता तो घेतला.

"ही कोण?" कमलाकरांच्या बायकोने, अनुराधाने, विचारलं.

मधुमतीबाईंनी त्या बाईला नीट न्याहाळलं.

"सून," त्या म्हणाल्या.

"आणि मुलगा?"

"कामावर. मुलगे कामावरच असतात. म्हातारा काही तिच्याशी गोड बोलायचा नाही, त्याला सवय नाही. पण तिला कोणी हात तर लावून बघावा."

घोडेवाल्याची माणसं दाराशी आली. म्हाताऱ्याने वाडगा खाली ठेवला, बाईला मागे सारलं आणि तलवार घेऊन एकटा दारात उभा राहिला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मागे टेबलावर चहा केव्हाचा तयार होता, तिकडे कोणी फिरकलं नाही. अनुराधाने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांच्या हाताची घडी कधीच सुटली होती.

कमलाकर रश्मीकडे वाकले. "खरं सांग," ते कुजबुजले, "ती त्याची सूनच आहे?"

त्या बाईची रस्त्यावर खाणावळ होती, आणि म्हातारा तिथे जेवायला थांबलेला वाटसरू. रश्मीने वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे पडद्यावरून हलले नव्हते.

"हो," रश्मी म्हणाली. "सूनच आहे."

"मग मघापासून मी काय जपानीत सांगतेय?" मधुमतीबाई म्हणाल्या. "पुढे बघा."