प्रश्नचिन्ह आत की बाहेर

"दादा, इथं प्रश्नचिन्ह अवतरणाच्या बाहेर पडलंय," धाकटी बहीण संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. "आत घेते."

दादा खुर्ची ओढून जवळ सरकला. आईच्या आठवणींची छोटी पुस्तिका त्यानं लिहिली होती आणि धाकटीच्या छापखान्यात ती छापायची होती. शेवटच्या पानावर ओळ होती: जाताना आई म्हणाली, "थोरला आला"?

"आत घेतलं तर काय होतं?"

"आईनं विचारलं, असं होतं. बाहेर ठेवलं तर विचारणारा तू."

"मग राहू दे बाहेर. मीच विचारतोय." त्यानं चष्मा काढला. "मी होतो कुठं तिथं? बोटीवर होतो. तू फोनवर एवढंच म्हणालीस, की ‘थोरला आला’ म्हणाली आणि गेली. तिनं विचारलं होतं की सांगितलं होतं, हे तुला विचारायचा धीरच झाला नाही कधी."

पलीकडे धाकटीचा नवरा कागद कापत होता. त्याचं यंत्र थांबलं.

धाकटीनं माउसवरचा हात काढला.

"सकाळपासून विचारतच होती रे. दार वाजलं की, ‘थोरला आला?’ नर्स आली तरी तेच. संध्याकाळी हे आत आले. तिला नीट दिसत नव्हतं. ह्यांचा हात धरला आणि म्हणाली, ‘थोरला आला.’ विचारलं नाही, दादा. म्हणाली."

"आणि भाऊजी?"

"हे म्हणाले, ‘हो आई, आलो.’ मग थोड्याच वेळात गेली."

दादा पडद्याकडे बघत राहिला. धाकटीनं प्रश्नचिन्ह पुसलं आणि अवतरणाच्या आत पूर्णविराम दिला.

"ह्यांचं वाक्य घालू पुढं?"

"घाल. भाऊजी म्हणाले, असंच घाल."

"अहो दादा, माझं कशाला त्यात?" तिकडून नवरा ओशाळून म्हणाला.

दादा उठून त्याच्यापाशी गेला. यंत्राखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यानं उगाच पायानं बाजूला सारल्या.

"कसा धरला होता हात?" त्यानं शेवटी विचारलं.

भाऊजींनी दोन्ही हात पँटला पुसले. मग दादाची चार बोटं आपल्या मुठीत घेतली आणि वरून अंगठा घट्ट दाबला.

"असा."