खाजऱ्या सुरवंटांच्या तीन पुड्या

पहिली पुडी: राखी

“टोपली खाली ठेव,” मुकुका आत्या म्हणाली, “आणि मागे सरक. अजून कोणी तुला जावई म्हटलेलं नाही.”

कपेंब्वाने टोपली चटईवर ठेवली आणि आपल्या मुताले मामाच्या पाठीमागे जाऊन बसला. बोलणी मामाने करायची होती. मागणी घालणाऱ्याने स्वतः तोंड उघडायचं नसतं.

आत्याची भाची चिलेशे घरात होती. बायका तिच्याभोवती दाटीने बसल्या होत्या. दाराला कापड लावलेलं होतं.

दोन वर्षं ती त्याच्या घरात राहिली, पण तिच्या माहेरी मागणीची भेट त्याने कधी पोचवलीच नाही. पुढच्या हंगामात देतो, म्हणायचा. परवा माहेरच्यांनी तिला उचलून परत आणलं. आत्याने एकच अट घातली: केसाळ सुरवंटांच्या तिन्ही जाती, ऊन कलायच्या आत. चिलेशे दर हंगामात आईला आणून द्यायची त्या तीन. नाही आणल्या, तर पोर आमची आहे, आमचीच राहील.

आत्याने पान उलगडलं. राखी सुरवंट, पुडी गच्च भरलेली.

“हे काय, कुठल्याही मुतोंडोच्या झाडावर मिळतात.”

“ए मासोळ्यांनो!” कुंपणाजवळून चिसांगा ओरडला. “जावई आलाय की साळिंदर? हात बघा त्याचे!”

कपेंब्वाच्या सुजलेल्या हातांत सुरवंटांचे केस रुतले होते. दोघं-तिघं हसले. आत्या रागावली नाही. चिसांगा मगरीच्या कुळातला, आत्याचं कूळ माशाचं. अशा दिवशी मगरींनी वाटेल ते बोलायचं आणि माशांनी ऐकून घ्यायचं, ही पूर्वापार चाल.

दुसरी पुडी: तांबूस

“आमची पोर काय रस्त्यावर सापडली होती तुम्हाला?”

“नाही, आत्याबाई.” मामाने वाकून, मान देण्याच्या रीतीने सावकाश टाळ्या वाजवल्या. “आमचंच चुकलं.”

“दोन वर्षं भाकरी थापून घेतली तिच्याकडून.”

“आम्ही भाकरी खात नाही, मक्याच्या पिठाचा उंशिमा खातो,” चिसांगा म्हणाला. “आणि तोही ती करपवायची. पुरावा हवा तर कपेंब्वाचे दात बघा.”

“तू गप रे, मगरतोंड्या!”

“मी गप बसलो तर बोलेल कोण? हा? सुरवंटाचा पतंग झाला की त्याला तोंडच नसतं, तसलं आहे हे ध्यान. कालपासून घास नाही की शब्द नाही.”

आत्याने तांबूस सुरवंट हातावर घेऊन पाहिले, नाकाशी नेले, परत पानात ठेवले. ते टेकडीपलीकडे मिळतात. तिथवर जायचं म्हणजे नदी उतरावी लागते. सूर्य डोक्यावरून सरकू लागला होता आणि कुंपणाची सावली चटईला टेकली होती.

तेवढ्यात कपेंब्वा बोलला. बोलायचं नसताना बोलला.

“मला एकदा आत जाऊ द्या.”

मामाने त्याचा गुडघा दाबला.

“परक्या पुरुषाला आत येता येत नाही,” आत्या म्हणाली. “नवऱ्याला येतं.”

तिसरी. हलकी.

इतकी हलकी, की आत्याने उचलताच मामाने मान खाली घातली.

पानात मूठभर पिवळे सुरवंट. मूठभरही नाहीत.

“एवढेच?”

“यंदा ते कुठे उतरलेच नाहीत, आत्याबाई,” मामा म्हणाला. “त्याने उजाडल्यापासून...”

“मी तुम्हाला नाही विचारलं. तो बोललाच आहे ना मघाशी? आता त्यालाच बोलू दे.”

“एकाच झाडावर होते,” कपेंब्वा म्हणाला. “शेंड्याला. फांदी मोडली. जेवढे हाताला लागले तेवढे आणले.”

“माझ्या भाचीची किंमत एवढी?”

“नाही.”

“मग?”

“तिची भेट माझ्याच्याने कधीच पुरी होणार नाही.”

आत्याने एक सुरवंट उचलला. अंगावर एक केस नव्हता. कातडी कुठे करपलेली नव्हती.

“केस कोणी जाळले?”

“मीच.”

“तुला कुठे येतं?”

“ती शिकवते. गरम राखेत घोळवायचे, निखाऱ्यात नाही. मी घाई केली की हातावर चापट मारते.”

आत्याने तो तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. घरातून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

“अगं मासोळे,” चिसांगा हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, “एका मुठीसाठी परत पाठवशील त्याला?”

आत्याने तिन्ही पुड्या टोपलीत ठेवल्या. टोपली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. मामाने कपाळ जमिनीला टेकवलं आणि टाळ्या वाजवल्या. माहेरच्यांनीही वाजवल्या.

“ऊठ, जावई,” आत्या म्हणाली.

तो उठला. आत्याने दाराचं कापड स्वतः बाजूला केलं आणि आतल्या बायकांना सरकायला सांगितलं.

“खड्डा खणून झालाय. मातीला पहिला हात नवऱ्याचा. डोक्याकडून उचल तिला.”