एका सालाच्या चार बाटल्या

तिसऱ्या बाटलीचे बूच निघाले, तेव्हा साईनाथने मान खाली घातली. वास त्याच्यापर्यंत पोचला होता. करपलेल्या गुळाचा, आणि त्यामागून काहीतरी आंबून गेल्याचा.

"आधी तू घे," चंदर म्हणाला. "शिकणाऱ्याने आधी घ्यायची. बोलायचं मात्र नाय."

साईनाथने घोट घेतला. चंदर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग आपला ग्लास त्याने दिव्यासमोर धरला, विटकरी झालेला रंग निरखला आणि डोळे मिटून घोट घेतला.

"पहिल्या दोघींपेक्षा ही शांत हाय. पिकून गळालेलं जांभूळ. पाठीमागनं ओलं लाकूड. तेरा वर्षं गप बसली, म्हणून आता एवढी गोड बोलते."

"मला तर आंबट लागते," भगीरथ म्हणाला. चंदरचा हा मित्र मुरबाडच्या शाळेत मास्तर होता. आयुष्यातला हा त्याचा वाइनचा तिसराच ग्लास होता. पहिले दोन त्याने आत्ताच संपवले होते.

"मास्तर, तुमी आपले ताक प्या," चंदरची बायको रंजिता हसली.

साईनाथ हसू शकला नाही.

चंदर नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात चव पारखण्याचे काम करी. बावीस वर्षे. साईनाथ चार वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली लागला. आताशा चंदर रोज हेच करी: आधी साईनाथला घोट, मग त्याच्याकडे एक नजर, मग निवाडा. शिकवण्याची ही रीत साईनाथला फार मायेची वाटे.

२०११ सालच्या द्राक्षांच्या या चार बाटल्या, चार मळ्यांच्या, चंदरने जिवापाड जपल्या होत्या. आपल्या आसनगावच्या फ्लॅटमध्ये उकाडा फार, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याने त्या साईनाथच्या घरी आणून ठेवल्या. मातीच्या भिंतींच्या खोलीत शेणाने सारवलेली भाताची कणगी होती. भातात पुरलेल्या बाटलीला ऊन लागत नाही, धक्का लागत नाही.

"असलं तळघर मुंबईच्या शेटकडं पण नसंल," तेव्हा चंदर म्हणाला होता. "हात लावू नको. मी येईन तेव्हा सगळे मिळून पिऊ."

गेल्या फाल्गुनात बहिणीचे, मनालीचे, लग्न निघाले. जेवणावळीसाठी कणगीतले भात उपसून गिरणीवर गेले. बाटल्या साईनाथने स्वतःच्या हातांनी माळ्यावर ठेवल्या, तापत्या पत्र्याखाली, दोन दिवसांपुरत्या. मग मांडव आला, हळद आली, पाहुणे आले. त्या आठवल्या तेव्हा ज्येष्ठ लागला होता. बुचे वर सरकली होती आणि बाटल्यांच्या मानेवर चिकट ओघळ सुकले होते.

त्याने ओघळ पुसले. बुचे अंगठ्याने आत दाबली. दिवाळीनंतर नव्या भाताने कणगी भरली, तेव्हा बाटल्या पुन्हा पुरल्या. सांगण्यासाठी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. आणि आज चंदर आपल्या माणसांना घेऊन आला होता, कणगीत कोपरापर्यंत हात घालून एकेक बाटली त्याने तान्ह्या मुलासारखी बाहेर काढली होती.

आता तो त्या मेलेल्या वाइनचे गोडवे गात होता. बावीस वर्षांच्या जिभेला हे कळत नसेल, हे शक्यच नव्हते. तो आपल्याला चारचौघांत सांभाळून घेत होता. साईनाथला वाटले, त्यापेक्षा त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरे झाले असते.

स्वयंपाकघरातून करपल्याचा भपकारा आला. साईनाथची आई सकुबाई मागच्या दारी लाकडे आणायला गेली होती.

"काकी, भाकर जळली गो!" रंजिता उठून धावली. भगीरथने नाकाला रुमाल लावला.

"हिला काय झालं?" चंदरने विचारले आणि तो पुन्हा ग्लासात पाहू लागला. तो वाइनमध्ये इतका हरवला होता.

सकुबाईने नवी भाकरी वाढली, सुकटीचे कालवण वाढले. "मीठ बघा बरं, चंदरभाऊ."

"एकदम बरोबर, काकी."

"अरे, मीठ नायच याच्यात," भगीरथ म्हणाला. सगळे हसले. चंदर सर्वांत मोठ्याने हसला.

चौथी बाटली उघडण्याआधी तो उभा राहिला.

"पुढल्या महिन्यापासून माझ्या खुर्चीत साईनाथ बसणार. मालकांना सांगून आलो. याच्यासारखा खरा माणूस नाय मिळायचा."

"आणि तू?" भगीरथने विचारले. "पन्नाशीत कोण घरी बसतो रे?"

"जीभ थकते, मास्तर." चंदरने पहिला ग्लास साईनाथपुढे केला. "घे."

साईनाथने घोट घेतला. चारींत ही सर्वांत वाईट होती. त्याचे डोळे भरून आले. चंदरने ते पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही थोरली!" तो म्हणाला. "हिच्यात अख्खं साल हाय. ऊन, माती, सगळं..."

"दादा, बस करा." साईनाथने ग्लास खाली ठेवला. "चारी बाटल्या मी उन्हाळाभर पत्र्याखाली ठेवल्यावत्या. शिजल्यात त्या, आंबल्यात. पहिल्या घोटाला तुमाला कळलंय. मला वाचवायला खोटं बोलू नका. आनि ती खुर्ची मला नको."

सकुबाईने पदर तोंडाला लावला. चंदरने हातातल्या ग्लासाकडे पाहिले, मग रंजिताकडे, आणि सावकाश खाली बसला.

"दोन वर्षं झाली, मला ना वास येत, ना चव," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडं बघून बोलत होतो रे, साई."